टचस्क्रीन यंत्रातील मेमरीचे दोष : माती परीक्षणाचा आकडा नकळत कसा बिघडतो

मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे झाला. माती परीक्षण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपुरते न राहता गावापर्यंत यावे, ही गरज तेव्हापासून अधिक ठळकपणे मांडली जाऊ लागली. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने, म्हणजेच सर्वपरिचित ‘पुसा’ संस्थेने, विकसित केलेले पुसा एसटीएफआर मीटर हे या दिशेचे एक महत्त्वाचे पाऊल होय. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, बोरॉन, जस्त, लोह, मंगल, तांबे, तसेच जिप्सम व चुन्याची गरज असे एकूण १४ निर्देशक या एका लहान यंत्रावर तपासता येतात.

अशा उपकरणांपासून प्रेरणा घेऊन कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि नवउद्योजक स्वतःची यंत्रे जुळवू लागले आहेत. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केट किंवा नेहरू प्लेस येथे हिंडल्यास आर्डुइनो उनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारा अडीच-पावणेतीन इंचांचा टचस्क्रीन आणि प्रकाश मोजणारा संवेदक सहज हाती येतो. जुळणी एका आठवड्यात होते. पडद्यावर रंगीत कळा दिसतात, बोट लावताच नमुना मोजला जातो, आकडा उमटतो. अडचणी पुढे सुरू होतात. पंधरा-वीस नमुने झाल्यावर पडदा गोठतो, कळ अर्धीच रंगते, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात किंवा यंत्र आपोआप पहिल्या पानावर परतते. हाताळणारा माणूस यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो आणि काम पुढे चालू ठेवतो.

या दोषांचे मूळ बहुधा मेमरीत असते. प्रस्तुत लेखातील उदाहरणे अशा स्वनिर्मित यंत्रांसाठी समजुतीखातर रचलेली आहेत. कोणत्याही संस्थेच्या विशिष्ट उत्पादनाशी त्यांचा संबंध नाही.

कोठार आणि खळे

उनो बोर्डावरील एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये मेमरीचे तीन प्रकार आहेत. प्रोग्रॅम साठविण्यासाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, चालू कामासाठी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट एसरॅम आणि वीज गेल्यावरही टिकणाऱ्या नोंदींसाठी १ किलोबाइट ईईप्रॉम. फ्लॅश हे कोठार मानले, तर एसरॅम हे खळे होय. माल कोठारात असतो; मळणी मात्र खळ्यावरच होते आणि वीज गेली की खळे झाडून मोकळे होते.

खळे किती लहान आहे याची कल्पना पडद्याच्या हिशेबावरून येईल. २४० गुणिले ३२० ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २ बाइट धरले, तर एका पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. उनोच्या एसरॅमच्या हे पंचाहत्तर पट झाले. म्हणूनच अशा बोर्डावर संपूर्ण चित्र मेमरीत धरले जात नाही; प्रत्येक रेघ व प्रत्येक अक्षर थेट पडद्याकडे पाठविले जाते आणि चित्राची मेमरी पडद्याच्या स्वतःच्या नियंत्रकात असते. तेव्हा मोठ्या पडद्यामुळे मेमरी संपते हा समज पुरेसा बरोबर नाही. मेमरी संपते ती पडद्याच्या सोबत येणाऱ्या गोष्टींनी : सूचनांचा मजकूर, कळांची नावे, मेमरी कार्ड वाचण्याची व्यवस्था, मोजणीच्या सारण्या.

मजकुराचा खर्च अनेकांच्या ध्यानात येत नाही. या जातीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमात अवतरणचिन्हांत लिहिलेला प्रत्येक मजकूर, वेगळी सूचना दिली नसल्यास, यंत्र सुरू होतानाच फ्लॅशमधून एसरॅममध्ये उतरविला जातो आणि अखेरपर्यंत तेथेच राहतो. त्यात भाषा मराठी असेल तर भार आणखी वाढतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, वेलांटी व हलन्त यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. ‘कृपया नमुना कुपीत भरा’ ही साधी सूचना ५८ बाइट घेते. अशा २० सूचनांचे ११६० बाइट झाले. मेमरी कार्ड वाचण्यासाठी ५१२ बाइटांचा एक कप्पा लागतो. बेरीज १६७२. उरलेल्या ३७६ बाइटांत संगणकाशी बोलण्याचे कप्पे, पडद्याची माहिती, संवेदकाची वाचने आणि चालू गणित हे सारे बसवायचे असते.

बांध नसलेले शेत

एसरॅमची वाटणी कशी होते हे समजल्याशिवाय दोष शोधता येत नाही. सुरुवातीला कायमस्वरूपी चलांची जागा असते. तिच्या पुढे ‘हीप’, म्हणजे गरजेनुसार मागून घेतलेली जागा, वरच्या दिशेने वाढते. दुसऱ्या टोकापासून ‘स्टॅक’ खाली येतो. एखादे उपकार्य बोलावले की त्याचे तात्पुरते चल आणि परतीचा पत्ता त्यावर चढतो, काम संपले की उतरतो. हीप व स्टॅक यांच्यामध्ये बांध नाही. मोठ्या संगणकात अतिक्रमण झाले तर प्रोग्रॅम तत्काळ थांबविणारी व्यवस्था असते. या लहान चिपमध्ये तसा तलाठी नाही. जागा मागताना हीपकडून थोडीफार तपासणी होते, पण स्टॅक वाढताना काहीच तपासले जात नाही. तो शेजाऱ्याच्या शेतात शिरतो आणि तेथील पिकावर आपले पीक पेरतो.

या अतिक्रमणात परतीचा पत्ता बिघडला तर मायक्रोकंट्रोलर भलत्याच ठिकाणी उडी मारतो आणि बहुधा प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. यंत्र आपोआप पहिल्या पानावर परतते, ते असे. टचस्क्रीनच्या मापनाचे गुणांक बिघडले तर बोट एका कळीवर आणि परिणाम दुसऱ्या कळीवर, असा प्रकार घडतो. हे दोष निदान डोळ्यांना दिसतात.

हीपमध्ये आणखी एक दोष उद्भवतो, तो तुकडीकरणाचा. महाराष्ट्रातील वाचकांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठाऊक आहे. एकूण क्षेत्र दोन एकर असले तरी ते पाच-पाच गुंठ्यांच्या विखुरलेल्या पट्ट्यांत असेल, तर ट्रॅक्टर वळविण्यास जागा मिळत नाही. आर्डुइनोमधील ‘स्ट्रिंग’ या सोयीच्या प्रकाराने वाक्ये जोडत गेल्यास हीपची अशीच गत होते. लहान-मोठे तुकडे घेतले जातात, सोडले जातात आणि अखेरीस ३०० बाइट शिल्लक असूनही ६० बाइटांचा सलग पट्टा मिळत नाही. अशा वेळी यंत्र ओरडत नाही. जोडणी फसते आणि वाक्य अपुरे राहते किंवा रिकामे होते. कार्डावर साठविलेल्या नोंदींत एखादी ओळ मध्येच कोरी सापडली, तर प्रथम हा संशय घ्यावा.

तीन बाइटांचा घोळ

गोठलेला पडदा हा प्रामाणिक दोष म्हणता येईल, कारण तो लपत नाही. खरे नुकसान न गोठता चुकीचा आकडा दाखविणारे यंत्र करते. पुढील उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल.

एका यंत्रात प्रत्येक अन्नद्रव्यासाठी एक नोंद आहे. नोंदीत नावासाठी १६ बाइटांची जागा आणि तिला लागूनच त्या अन्नद्रव्याचा मापन गुणांक, दशांश संख्येच्या ४ बाइटांत. मूळ प्रोग्रॅम इंग्रजीत होता. ‘नायट्रोजन’ हे नाव रोमन लिपीत ८ अक्षरांचे, ‘पोटॅशियम’ ९, ‘फॉस्फरस’ १०. शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून १ बाइट. सारे १६ मध्ये आरामात बसले. पुढे महाराष्ट्रासाठी मराठी आवृत्ती केली. गुणांक आधी भरले गेले आणि नंतर कार्डावरील भाषेच्या फाइलमधून नावे उतरविली गेली, लांबी न तपासता.

‘नत्र’ या शब्दाला न, त, हलन्त, र असे ४ घटक. १२ बाइट आणि खुणेचा १, एकूण १३. बसला. ‘पालाश’ ५ घटकांचा. १५ अधिक १, बरोबर १६. काठोकाठ बसला. ‘स्फुरद’ मात्र स, हलन्त, फ, उकार, र, द असा ६ घटकांचा. १८ अधिक १, एकूण १९. तीन बाइट बाहेर सांडले आणि ते स्फुरदाच्या गुणांकावर पडले.

गुणांक ०.८५ होता असे मानू. मेमरीतील त्याच्या चार बाइटांपैकी पहिले तीन ‘द’ या अक्षराच्या उरलेल्या दोन बाइटांनी आणि खुणेच्या शून्याने झाकले गेले. चौथा शाबूत राहिला. या चार बाइटांची आता होणारी संख्या सुमारे ०.५०२५. ती ऋण नाही, अवाढव्य नाही, शून्यही नाही. कोणालाही संशय येऊ नये अशीच आहे. पडद्यावर ‘स्फुरद’ हे नाव अगदी शुद्ध दिसते, कारण ते वाचताना सांडलेले बाइटही वाचले जातात. नत्राचा व पालाशाचा आकडा बरोबर येतो. फक्त स्फुरद सातत्याने सुमारे ४१ टक्के कमी दिसतो.

आता शेताकडे वळू. ऑल्सेन पद्धतीने उपलब्ध स्फुरद हेक्टरी १० किलोपेक्षा कमी असल्यास ‘कमी’ आणि १० ते २५ किलो असल्यास ‘मध्यम’ अशी सर्वसाधारण वर्गवारी केली जाते. जमिनीत खरोखर १५ किलो स्फुरद असेल, तर हे यंत्र ८.९ किलो दाखवील. मध्यम जमीन कमी ठरेल आणि शेतकरी गरज नसताना जादा स्फुरदयुक्त खताची गोणी विकत घेईल. हे एका नमुन्यापुरते घडत नाही. त्या यंत्रावर तपासलेल्या प्रत्येक शेतात घडते. जमिनीत स्फुरद साचत गेल्यास जस्ताच्या उपलब्धतेवर परिणाम होतो, हे मृदाशास्त्राच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

हीच आवृत्ती दिल्लीच्या परिसरासाठी हिंदीत केली असती तर ‘नाइट्रोजन’ या शब्दाला २७ बाइट लागले असते. गुणांकावर व त्यापुढच्या नोंदीवर इतका पसारा सांडला असता की दोष पहिल्याच दिवशी उघडा पडण्याची शक्यता अधिक होती. छोटी गळती शोधणे अवघड असते, याचा अनुभव ठिबक सिंचन वापरणाऱ्यांना आहेच.

निदान कसे करावे

मेमरीवर दोष ठेवण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी बाजूला काढाव्यात. पहिली म्हणजे वीजपुरवठा. पडद्याचा मागील प्रकाश व कार्डावरील लेखन एकाच वेळी चालू असताना स्वस्त अडॉप्टरचा दाब क्षणभर खाली येतो आणि यंत्र पुन्हा सुरू होते. पुनरारंभाचे कारण नोंदविणारा एक रजिस्टर या मायक्रोकंट्रोलरमध्ये असतो. दाब उतरल्याची खूण तेथे मिळाल्यास अडॉप्टर बदलावा. काही बूटलोडर ही नोंद आधीच पुसतात, त्यामुळे ती वाचण्याची सोय आहे की नाही हे पाहून घ्यावे. स्टॅक बिघडून प्रोग्रॅम पहिल्या पत्त्यावर गेला असेल, तर तेथे नवी कोणतीच खूण नसते आणि ही गैरहजेरीच बोलकी ठरते.

दुसरी गोष्ट टचस्क्रीनच्या तारांची. उनोवर बसणाऱ्या अनेक स्वस्त पडद्यांत स्पर्श ओळखण्याच्या व चित्र पाठविण्याच्या काही तारा सामाईक असतात. स्पर्श वाचल्यानंतर त्या पुन्हा चित्राच्या कामाला लावल्या नाहीत, तर पडदा अर्धवट रंगतो आणि मेमरी संपल्यासारखा भास होतो. तिसरी गोष्ट गणिताची. या बोर्डावर साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच मोजतो. संवेदकाचे कमाल वाचन १०२३ धरून सरासरीसाठी ५० वाचनांची बेरीज केली तर ती ५१,१५० होते, मर्यादा ओलांडते आणि सरासरी ऋण येते. येथे मेमरी भरपूर असते, फक्त भांडे लहान निवडलेले असते.

हे वगळल्यावर मेमरीचे मोजमाप घ्यावे. प्रोग्रॅम भाषांतरित झाल्यावर आर्डुइनोचे सॉफ्टवेअर कायमस्वरूपी चलांनी किती बाइट व्यापले हे सांगते आणि प्रमाण ७५ टक्क्यांपुढे गेल्यास इशारा देते. अनेक जण हा आकडा अंतिम मानतात. त्यात स्टॅक आणि हीप धरलेले नसतात. तो हंगामाच्या आरंभीचा साठा होय, ऐन सुगीतील गर्दी नव्हे. त्यामुळे हीपचे वरचे टोक व स्टॅकचे खालचे टोक यांतील अंतर चालू यंत्रातच मोजून संगणकावर छापावे. हे मोजमाप मुख्य पानावर घेऊन उपयोग नाही. कार्ड उघडलेले आहे, त्याच वेळी पडद्यावर मजकूर रंगतो आहे आणि दशांशाचे गणितही चालू आहे, अशा सर्वांत खोल ठिकाणी घ्यावे.

त्याहून खात्रीची रीत म्हणजे फक्की मारण्याची. यंत्र सुरू होताच मोकळ्या एसरॅममध्ये एकच ठरावीक संख्या सर्वत्र भरून ठेवावी. मग नेहमीसारखे काम करावे, शंभर-दोनशे वेळा कळा दाबाव्यात आणि शेवटी किती जागेवरील फक्की शाबूत आहे ते मोजावे. स्टॅकची पावले कुठवर पोहोचली होती हे, तो परत गेल्यानंतरही, समजते. शाबूत पट्टा अगदीच अरुंद उरला असेल, तर एखाद्या अनपेक्षित क्षणी तो ओलांडला जाणार हे निश्चित.

उपाय या मोजमापानंतर योजावेत, आधी नव्हे. सूचनांचा मजकूर फ्लॅशमध्येच ठेवून तेथूनच वाचण्याची सोय आर्डुइनोमध्ये आहे. अवतरणातील मजकुराभोवती एफ मॅक्रो लावला की वरील उदाहरणातील ११६० बाइट एका दमात मोकळे होतात. मोठ्या सारण्या व चित्रे यांच्यासाठी प्रोग्मेम ही खूण वापरतात. स्ट्रिंगच्या जागी निश्चित लांबीचे अक्षर-कप्पे वापरावेत आणि मजकूर उतरविताना कप्प्याची लांबी सांगणारीच आज्ञा द्यावी. स्फुरदाचा घोळ एवढ्याने टळला असता. नाव शेवटी तुटके दिसले असते आणि चूक पहिल्याच दिवशी ध्यानात आली असती.

मराठीसाठी दोन मार्ग विशेष उपयुक्त आहेत. युनिकोडमधील देवनागरीचा संच १२८ स्थानांचा आहे. त्यामुळे यंत्राच्या आत प्रत्येक घटकासाठी १ बाइट पुरतो आणि ‘स्फुरद’ १८ ऐवजी ६ बाइटांत मावतो. ही कल्पना नवी नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केलेली इस्की ही मानक पद्धत एका घटकाला एकच बाइट देत असे. परंतु साठवण सुटली तरी रेखाटन सुटत नाही. लहान पडद्यांची बहुतेक लायब्ररी घटकामागून घटक रंगविते. तिला ‘स्फु’ मधील अर्धा स आणि खालचा उकार जुळविता येत नाही. म्हणून अनेक जण शब्दांची तयार चित्रे वापरतात. ९६ गुणिले २४ ठिपक्यांचे एकरंगी चित्र २८८ बाइट घेते आणि अशी ४० चित्रे ११,५२० बाइटांत फ्लॅशमध्ये बसतात. तेच चित्र पूर्ण रंगात ठेवले तर एकालाच ४,६०८ बाइट लागतात. काळ्या-पांढऱ्यात साठवून रंग पडद्यावर भरणे हेच शहाणपणाचे.

मोठा बोर्ड घेतला तर?

मेगा २५६० मध्ये ८ किलोबाइट एसरॅम आहे, ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट. बोर्ड बदलल्याने अनेक अडचणी खरोखरच मिटतात आणि त्यात कमीपणा काही नाही. परंतु दोषाचे स्वरूप बदलते, दोष नाहीसा होत नाही. ईएसपी३२ वर आर्डुइनोच्या मुख्य कामासाठी मूळ व्यवस्थेत ८ किलोबाइटचाच स्टॅक राखलेला असतो. शेकडो किलोबाइट मोकळे असताना एखाद्या उपकार्यात १० किलोबाइटची तात्पुरती सारणी मांडली की यंत्र कोसळते. येथे निदान सोपे असते, कारण हा मायक्रोकंट्रोलर संगणकाच्या पडद्यावर ‘गुरू मेडिटेशन एरर’ अशा गमतीदार नावाचा संदेश सोडून मगच पुन्हा सुरू होतो. वायफाय सुरू झाल्यावर एकूण शिल्लक मेमरी आणि सर्वांत मोठा सलग तुकडा हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. चित्रासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा. १६ बाइटांच्या कप्प्यात १९ बाइट ओतण्याची चूक मात्र कोणत्याही बोर्डावर तशीच राहते.

मेमरी विपुल असल्याने निर्धास्त राहता येत नाही, याचे मोठे उदाहरण मंगळावरचे आहे. नासाचे स्पिरिट हे रोव्हर मंगळावर उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २१ जानेवारी २००४ रोजी त्याचा नीट संपर्क तुटला आणि ते साठाहून अधिक वेळा आपोआप पुन्हा सुरू होत राहिले. फ्लॅशमध्ये फाइलींची संख्या फार वाढली होती आणि त्यांची यादी धरण्यास चालू मेमरी अपुरी पडत होती. अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता रोव्हर सुरू करविले, फाइली हटविल्या आणि काम पूर्ववत झाले. शेतावरील यंत्रात रोजच्या नोंदी एकाच कार्डावर वर्षभर साठत असतील, तर त्यांची यादी वाचणाऱ्या भागाकडेही लक्ष द्यावे.

यंत्र गावात पाठविण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. ज्ञात तीव्रतेचे एकच प्रमाण द्रावण पहिल्या क्रमांकाला मोजावे, मग नेहमीप्रमाणे सर्व पाने, सर्व कळा, कार्डावरील नोंद असे काम करीत दोनशेव्या क्रमांकाला तेच द्रावण पुन्हा मोजावे. ही चाचणी प्रत्येक भाषेच्या आवृत्तीवर स्वतंत्रपणे आणि प्रत्येक अन्नद्रव्यासाठी घ्यावी. सोबत ईईप्रॉममध्ये ठेवलेल्या गुणांकांच्या पडताळणीची एक बेरीज साठवावी आणि प्रत्येक मोजणीपूर्वी चालू मेमरीतील गुणांक तिच्याशी ताडून पाहावेत. बेरीज जुळली नाही तर यंत्राने आकडा न दाखविता ‘गुणांक तपासा’ एवढेच दाखवावे. हा संदेश मराठीत ३५ बाइटांचा आहे. तोही फ्लॅशमध्येच ठेवावा.